गाडीच्या पोटाखालचा गंज



आपल्या केंद्राकडे तीन गाड्या आहेत. एक फिरत्या दवाखान्याची जीप, दुसरी वसतिगृहाचे धान्य आणि भाजी आणणारी पिकअप, आणि तिसरी पाड्यांवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांची जुनी जीप. या तिन्हींची देखभाल माझ्याकडे आहे. वार्षिक हिशेब वाचून काही देणगीदार मोकळेपणाने विचारतात, की इंजिन चांगले, टायर चांगले, मग गाडी पंधरा वर्षांच्या आतच बाद का होते? त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका शब्दात देता येते: गंज. आणि तोही वरच्या पत्र्याचा नव्हे, पोटाखालचा. वरच्या पत्र्याला तांबूस ठिपका पडला की दहा जण दाखवतात. चेसीखाली वाकून पाहायला मात्र कोणी जात नाही, आणि गाडीचा सगळा भार असतो तो तिथेच.

या विषयावर सविस्तर लिहावे असे संपादकांनी सुचवले. आपल्या वाचकांत इतर केंद्रांचे चालक आहेत, स्वतःची जीप किंवा बोलेरो वापरणारे शेतकरी आहेत आणि संस्थांना गाड्या देणारे दातेही आहेत. तिघांच्याही उपयोगी पडेल असे लिहितो.

आपल्या भागाची अडचण अशी, की गाडीला दोन्ही बाजूंनी मार बसतो. जव्हार-मोखाड्याकडे पाऊस धो धो पडतो आणि पाड्यांचे रस्ते लाल मातीचे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत चेसीवरचा चिखल वाळतच नाही. पश्चिमेला उतरून डहाणू किंवा सातपाटीच्या बाजूला गेलो की समुद्राची खारी हवा, मिठागरे आणि खाजणांतले रस्ते. उधाणाच्या भरतीला काही ठिकाणी खाडीचे पाणी रस्त्यावर येते आणि गाडी त्यातून काढावी लागते. आठवड्यात एक फेरी किनाऱ्याकडे, चार फेऱ्या डोंगरात. म्हणजे आधी मीठ लावायचे आणि मग चार दिवस ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे, असेच झाले.

गंज म्हणजे काय ते आधी थोडे समजून घेऊ, कारण पुढचे सगळे उपाय त्यावरच उभे आहेत. लोखंडाला गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. दोहोंपैकी एक जरी नसेल तरी नेहमीचा तांबूस गंज चढत नाही. पाणी म्हणजे पाऊसच पाहिजे असे नाही. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडाच्या पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पातळ थर बसतो आणि तेवढा पुरतो. ॲल्युमिनियमही हवेत गंजते, पण त्याचा गंज घट्ट, पातळ असतो आणि आतल्या धातूला झाकून टाकतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत. तो झाकत नाही, उलट स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो आणि आतल्या चांगल्या लोखंडाला ओले ठेवतो. शिवाय गंजाला मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जास्त जागा लागते. म्हणून दोन पत्र्यांच्या जोडात गंज शिरला की तो पाचर ठोकल्यासारखा जोड फाकवतो.

आता चिखलाकडे येऊ. केंब्रिजचे शास्त्रज्ञ युलिक इव्हान्स यांचा एक साधा प्रयोग आहे. लोखंडाच्या स्वच्छ पट्टीवर खारट पाण्याचा एक थेंब ठेवायचा. थेंबाच्या कडेला हवेतला प्राणवायू सहज पोचतो, मधोमध कमी पोचतो. आपल्याला वाटेल, जिथे प्राणवायू जास्त तिथे लोखंड जास्त खाल्ले जाईल. होते उलटे. थेंब आणि पट्टी मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते. मधोमध, जिथे प्राणवायू कमी, तिथले लोखंड विरघळते आणि खड्डा पडतो. हेच चेसीवर चिकटलेल्या चिखलाच्या गोळ्याखाली घडते. बाहेरून गोळा वाळलेला दिसतो, आत ओल असते, प्राणवायू कमी असतो, आणि नेमकी त्याच्याखालची जागा पोखरली जाते. म्हणून “चिखल राहू दे, पत्र्याला पांघरूण होतं” असे कोणी म्हणाले तर मुळीच ऐकू नये. चिखल म्हणजे गाडीला बांधलेले ओले पोटीस आहे.

मिठाची गोष्ट तर आपल्या स्वयंपाकघरातच दिसते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते ना? समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते, ते हवेतला ओलावा ओढून घेते. चेसीवर खारे पाणी उडून वाळले, की ते मीठ तिथेच राहते आणि पुढे कोरड्या वाटणाऱ्या दिवशीही तो भाग ओलसर ठेवते. शिवाय मिठाच्या पाण्यातून विजेचा प्रवाह साध्या पाण्यापेक्षा सहज वाहतो, म्हणून वर सांगितलेली ती छोटी बॅटरी जोरात चालते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. भरतीच्या पाण्यातून एकदा गाडी काढली आणि धुतली नाही, तर ते क्षार पुढच्या पावसापर्यंत काम करत बसतात. मासळीच्या पेट्यांतून गळणारे बर्फाचे पाणी याच जातीचे. पिकअपमधून खते नेणाऱ्यांनीही सांभाळावे. म्युरिएट ऑफ पोटॅश हेही क्लोराइडच आहे आणि फुटक्या गोणीतून सांडलेले खत हौद्याच्या फटींतून थेट चेसीवर जाते.

गंज कुठे बसतो हे ठाऊक असले की निम्मे काम झाले, कारण तो मोकळ्या, गुळगुळीत जागेपेक्षा जिथे माती अडकते आणि पाणी तुंबते अशा जागा शोधतो. जीप, बोलेरो, सुमो यांची चेसी शिडीसारखी असते: दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. हे दांडे बरेचदा आतून पोकळ, पेटीसारखे असतात. पाणी निघून जावे म्हणून त्यांच्या तळाला भोके ठेवलेली असतात. ती मातीने बुजली की दांड्याच्या पोटात गाळ साचतो आणि दांडा आतून बाहेर गंजत येतो. बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. माझ्या मते चेसीचे सगळ्यात मोठे नुकसान या बुजलेल्या भोकांनीच होते, आणि ती मोकळी करायला एक सायकलची तार पुरते.

त्यानंतरच्या जागा म्हणजे चाकांच्या मागची, मडगार्डच्या आतली कड. पाटे ज्या शॅकलला लटकतात तिथले कोपरे. पाट्यांच्या पानांमधल्या फटी. बॉडी आणि चेसी यांच्यामधले रबरी गुटके जिथे बसतात त्या जागा. डिझेलच्या टाकीच्या वरची बाजू, जी कधीच कोणाला दिसत नाही. आणि बॅटरीचा ट्रे, जिथे ॲसिड सांडून रंग आधीच गेलेला असतो. आणखी एक जागा गाडीच्या आत आहे. पावसात भिजलेली, चिखलाच्या पायांनी माणसे चढतात, पाणी मॅटखाली जाते आणि तिथेच मुरते. मॅटखालचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा. दोन पावसाळे मॅट उचलली नाही तर तिसऱ्या वर्षी पायाखालचा रस्ता दिसू लागतो. आमच्या दवाखान्याच्या जीपमधून मी मऊ मॅट काढूनच टाकली आहे आणि त्या जागी नुसता जाड रबरी तक्त्या टाकला आहे, रोज उचलून झटकता येतो.

सायलेन्सरचे प्रकरण थोडे वेगळे. एक लिटर डिझेल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या फेरीत सायलेन्सर तापतो आणि वाफ बाहेर जाते. बाजारापासून वसतिगृहापर्यंतच्या दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापतच नाही, पाणी आतच राहते. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर लवकर सडतो. त्यावर रंगाचा उपाय चालत नाही, उष्णतेने जळून जातो. सडला की बदलावा.

आता ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहितो आहे ते सांगतो. ब्रेकच्या पायपा. चेसीच्या कडेने बोटाहूनही बारीक अशा लोखंडी नळ्या मागच्या चाकांपर्यंत गेलेल्या असतात. चेसीचा दांडा तीन-चार मिलिमीटर जाड असतो, तो पोखरायला वर्षे लागतात. या नळीची भिंत पत्र्यासारखी पातळ. जिथे नळी क्लिपने चेसीला बांधलेली असते, नेमकी तिथे क्लिपखाली माती आणि ओल राहते. वरून पाहिले तर नळी ठीक दिसते, क्लिप सोडवली की खाली पापुद्रे. पायडल जोरात दाबले तर नळीत फार मोठा दाब तयार होतो, आणि जोरात पायडल आपण केव्हा दाबतो? घाटात, अचानक समोर काही आले तर. म्हणजे सडलेली नळी गावात, सपाटीवर महिनाभर तग धरते आणि नेमकी उतारावर फुटते. आजच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या ब्रेकच्या वाटा वेगळ्या असतात, एक गेली तरी दुसरी उरते, हे खरे. पण रुग्ण घेऊन मोखाड्याहून खाली उतरताना निम्म्या ब्रेकवर कोणाला बसवावे असे मला वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तपासणी करताना मी आमच्या चालकदादांना क्लिपा एकेक सोडवायला सांगितल्या. “भाऊ, पायडल तर कडक आहे, कशाला खोलायचं?” असे ते म्हणाले. तिसऱ्या क्लिपखाली नळीचा रंग गेलेला होता आणि नखाने खरवडले तर खपली निघाली. गळती नव्हती. पायडलला काहीही कळत नव्हते. त्याच दिवशी मागची संपूर्ण नळी बदलली. मध्येच तुकडा कापून जोड देण्याचा सल्ला एका गॅरेजवाल्याने दिला होता, तो घेतला नाही. एक जागा सडली असेल तर शेजारची हातभर नळीही त्याच वयाची असते. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची नळी मिळाली तर उत्तम, ती आपल्या खाऱ्या हवेत गंजत नाही. आणि ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे नळी आतूनही गंजू शकते. ते दर दोन वर्षांनी बदलावे.

तपासणी करायला मोठी हत्यारे लागत नाहीत. एक बॅटरी म्हणजे टॉर्च, एक छोटा हातोडा, एक जुना स्क्रू ड्रायव्हर. बाजारात मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसेच चेसीवर हातोड्याने हलकेच ठोकत जावे. चांगले लोखंड खणखणीत वाजते. सडलेले बद्द वाजते, आणि पोकळ दांड्यात गाळ असेल तर तोही बद्दच वाजतो. संशय आला तिथे स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबावे. नुसती तांबूस पावडर लागली तर गंज वरवरचा. पापुद्रे सुटून खाली खड्डे दिसले तर मध्यम. टोक आत गेले तर मामला गंभीर.

याच हातोड्यामुळे दोन वर्षांपूर्वी आम्हाला एक अवघड निर्णय घ्यावा लागला. किनाऱ्याजवळच्या एका सद्गृहस्थांनी स्वतःची जीप संस्थेला देऊ केली. मनापासून दिलेली देणगी होती. गाडी चकचकीत, इंजिनचा आवाज गोड, खाली नवे काळे कोटिंग. मी रॅम्पवर घेऊन ठोकून पाहिली. मागच्या पाट्याचा शॅकल जिथे चेसीला लागतो तिथे आवाज बद्द आला. कोटिंगचा पोपडा काढला तर खाली दांडा अर्धा गेलेला. ती गाडी डांबरी रस्त्यावर आणखी काही वर्षे चाललीही असती. आमच्या रस्त्यावर, दहा माणसे आणि औषधांच्या पेट्या घेऊन, चालली नसती. त्यांना घरी जाऊन समजावून सांगितले. आधी त्यांना वाईट वाटले, मग स्वतः वाकून पाहिल्यावर म्हणाले, “बरं झालं सांगितलंत, माझी नातवंडं हिच्यात फिरत होती.” म्हणून दात्यांना नम्र विनंती आहे, की गाडी देण्याआधी एकदा खालून पाहून घ्यावी. खाली नुकतेच काळे कोटिंग मारलेले असेल तर जरा जास्तच नीट पाहावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनाही हेच सांगेन.

आता उपाय. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे खालून धुणे. वरून गाडी चमकवण्यात तासभर घालवणारे चालक खालून पाच मिनिटेही पाणी मारत नाहीत. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, आणि खाऱ्या पाण्यातून किंवा किनाऱ्यावरून आल्यावर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, गोड्या पाण्याने खालची माती आणि मीठ सोडवून टाकावे. मडगार्डच्या आतल्या कडांत बोट घालून माती ओढून काढावी. भोके तारेने मोकळी करावीत. तालुक्याच्या वॉशिंग सेंटरमध्ये रॅम्पवर दाबाचे पाणी मिळते, तिथे महिन्यातून एकदा न्यावी. मात्र दाबाचे पाणी विजेच्या जोडांवर आणि बेअरिंगच्या सीलवर अगदी जवळून मारू देऊ नये. धुतल्यावर गाडी थोडी उतारावर उभी करावी म्हणजे दांड्यांतले पाणी निथळते, आणि दहा-पंधरा मिनिटे चालवून आणावी.

गाडी ओढ्यात उतरवून धुणे मात्र बंद करायला हवे. त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला कोणाचा तरी झरा असतो, बाया पाणी भरतात, गुरे पितात. गाडीखालचे तेल, डिझेल आणि ग्रीस त्यात सोडणे बरे नाही. बादल्यांनी पाणी आणावे, बाजूला धुवावी.

उभी करण्याची जागाही महत्त्वाची आहे. गवतावर किंवा ओल्या मातीवर रात्रभर उभी असलेल्या गाडीखाली जमिनीची वाफ चढत राहते. फरशी किंवा खडीवर उभी करावी. वर छप्पर हवे, बाजू मोकळ्या हव्यात. प्लास्टिकची ताडपत्री चारी बाजूंनी घट्ट गुंडाळली की आत दमटपणा कोंडतो. त्यापेक्षा उघडी गाडी परवडली.

जळक्या ऑईलविषयी लिहायलाच हवे, कारण हा उपाय आपल्याकडे घरोघर आहे. इंजिनचे काढलेले काळे ऑईल डिझेलमध्ये मिसळून खालून फवारतात. त्याने काही काळ पाणी दूर राहते, हे नाकारत नाही. पण त्या ऑईलमध्ये ज्वलनात तयार झालेली आम्ले असतात, धातूची बारीक कणी असते आणि आरोग्याला घातक रसायने असतात. ते रबरी बुश आणि होज फुगवते. धूळ चिकटवते. पहिल्या मोठ्या पावसात निम्मे शेतात आणि विहिरीकडे वाहून जाते. आमच्या केंद्रात ते वापरत नाही. जुने ऑईल डब्यात साठवून ते परत घेणाऱ्याकडे देतो.

त्याच्याऐवजी दोन प्रकारचे लेप मिळतात. एक घट्ट, डांबरी किंवा रबरी कोटिंग, जे खडी उडून बसणारा मार सोसते. दुसरे मेणासारखे किंवा तेलकट, कधीच पूर्ण न सुकणारे. काही तेलकट लेपांत लॅनोलिन असते, म्हणजे मेंढीच्या लोकरीतले स्निग्ध द्रव्य. मेंढी पावसात भिजून आजारी पडत नाही त्याचे थोडे श्रेय या द्रव्याला आहे, आणि धनगरांना त्याचा चिकट स्पर्श चांगलाच ओळखीचा. घट्ट कोटिंग नव्या, स्वच्छ, कोरड्या लोखंडावर उत्तम. गंजावर मारले तर घातक, कारण ओल आत कोंडते आणि गंज दिसतही नाही. त्याला चीर पडली की तिच्यातून पाणी शिरते आणि बाहेर पडायला वाट उरत नाही. जुन्या गाडीला म्हणून मी मेणाचा लेपच पसंत करतो. तो दरवर्षी पुन्हा मारावा लागतो, पण खरचटले तर पुन्हा मिळून येतो आणि खालचे लोखंड तपासता येते. पोकळ दांड्यांच्या आत तर मेणच हवे. लांब नळीच्या फवाऱ्याने भोकांतून आत मारतात आणि ते फटींत झिरपते. मारून झाल्यावर भोके पुन्हा मोकळी आहेत ना, ते पाहावे.

गंज चढलेलाच असेल तर काम थोडे मेहनतीचे. कोरडे दिवस निवडावेत, नोव्हेंबर ते मे. गाडी सपाट जागी, चाकांना दगडाची उटी, आणि जॅकने उचलल्यावर खाली मजबूत घोडी लावल्याशिवाय कोणीही आत शिरायचे नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली गेलेली माणसे गाडीखालीच राहिली आहेत. डोळ्यांना चष्मा, नाका-तोंडाला मास्क, हातमोजे. आधी धुऊन दोन दिवस वाळू द्यावी. मग पापुद्रे खरवडणीने पाडावेत, तारेच्या ब्रशने किंवा ग्राइंडरला तारेची वाटी लावून घासावे, कोपऱ्यांत पॉलिश पेपर. पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासता आले तर सर्वांत चांगले. तेलकटपणा थिनरच्या फडक्याने पुसून काढावा.

खड्ड्यांच्या तळाशी राहिलेला गंज ब्रशने निघत नाही. त्यासाठी गंजाचे रूपांतर करणारे द्रावण मिळते. ते दोन प्रकारचे असते. एकात फॉस्फोरिक ॲसिड असते, ते गंजाचे आयर्न फॉस्फेट करते आणि हा थर टिकाऊ असतो. दिल्लीला कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल, सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचा अभ्यास करून दाखवले, की त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त असल्याने त्याच्या पृष्ठभागावर फॉस्फेटचा पातळ रक्षक थर तयार झाला आहे. दिल्लीच्या कोरड्या हवेचीही मदत झालीच. तो स्तंभ सातपाटीच्या धक्क्यावर उभा केला असता तर काय झाले असते, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

दुसऱ्या प्रकारात टॅनिन असते, आणि हे तर आपल्या जंगलातलेच. जुन्नर-आंबेगावकडचे महादेव कोळी बांधव बाळहिरडा गोळा करून विकतात, तो त्यातल्या टॅनिनमुळेच कातडी कमावण्याच्या कामी येतो. लोखंडी विळ्याने हिरडा कापला की पाते काळे पडते हे तिकडचे पोरही सांगेल. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई करीत, तीही याच क्रियेने. टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळा, न विरघळणारा थर करते. म्हणून कोणी हिरड्याचा काढा चेसीला लावू नये. दुकानातल्या द्रावणात लोखंडाला चिकटून बसणारे रेझिनही असते, काढ्यात ते नाही. द्रावण कोणतेही असो, सैल गंज काढल्यावरच लावावे, डब्यावर लिहिलेला वेळ द्यावा, ॲसिड हातावर पडू देऊ नये आणि डबा वसतिगृहाच्या मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये.

त्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात. प्रायमर निवडताना एक ध्यानात ठेवावे. जस्ताची भुकटी भरलेला प्रायमर उघड्या, स्वच्छ लोखंडावरच गुण देतो. घराच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. त्यावर ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि लोखंड वाचवते. तेलाच्या डब्याला कथिलाचा मुलामा असतो, त्यावर ओरखडा पडला की उलट लोखंडच वेगाने गंजते. जस्ताचा हा गुण मिळायला त्याचा लोखंडाशी प्रत्यक्ष स्पर्श हवा; मध्ये गंज किंवा द्रावणाचा थर आला की तो मिळत नाही. तिथे इपॉक्सी प्रायमर बरा. रंग पूर्ण वाळल्यावर वरून लेप. सायलेन्सर, ब्रेकचे ड्रम आणि डिस्क, प्रोपेलर शाफ्टचे जोड, रबरी बुश आणि पाणी निथळण्याची भोके यांवर काहीही उडू द्यायचे नाही. आधीच कागद चिकटवून झाकावेत.

आरपार भोक पडले असेल तर एम-सील किंवा पुट्टी भरून वर काळा रंग मारणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. पायाखालच्या पत्र्याला ठिगळ चालते. चेसीच्या दांड्याला सडलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून तेवढ्याच जाडीची पट्टी जाणकार वेल्डरकडून बसवून घ्यावी लागते. त्या आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढाव्यात, डिझेलची टाकी आणि नळ्या दूर कराव्यात. वेल्डिंगच्या उष्णतेने दांड्याच्या आतला लेप जळतो, म्हणून नंतर आतून पुन्हा मेण मारावे. स्टिअरिंगचा बॉक्स किंवा पाट्यांचे ब्रॅकेट जिथे बसतात तिथेच लोखंड गेले असेल, तर माझे मत स्पष्ट आहे: त्या गाडीत माणसे बसवू नयेत.

आमच्याकडे या सगळ्याचे वेळापत्रक दवाखान्याच्या कपाटावर चिकटवले आहे. दिवाळीनंतर पहिल्या कोरड्या आठवड्यात तिन्ही गाड्या खालून धुऊन, क्लिपा सोडवून, ठोकून पाहायच्या आणि काय दिसले ते वहीत तारखेसह लिहायचे. घासणे आणि रंग जानेवारी ते मार्चमध्ये, दवाखान्याच्या फेऱ्या सांभाळून एकेका गाडीचा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मेणाचा लेप, भोकांची तपासणी, आणि ब्रेकच्या नळ्यांवरून एकदा हात फिरवणे. आसपासच्या केंद्रांतील चालक बंधूंनी त्या आठवड्यात यावे, गाडी घेऊन आले तर अधिक चांगले. रॅम्प आपला आहे, फवारा आपला आहे. येताना अंगावर जुने कपडे असू द्यावेत, कारण तो लेप एकदा कपड्याला लागला की कोणत्याही साबणाने निघत नाही.